कूलिंग टॉवरचे हिरवट लाकूड आणि सीसीएचा ड्रम: काय करावे, काय करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ स्वतःच्या जागेत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधणाऱ्या एका गृहस्थांनी भंगाराच्या व्यापाऱ्याकडून एका कारखान्याच्या मोडून काढलेल्या कूलिंग टॉवरचे, म्हणजे गरम झालेले पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याचे, लाकूड विकत घेतले आहे. कापल्यावर ते आतून हिरवट दिसते, वाळवीचा त्याला स्पर्श झालेला नाही आणि व्यापारी त्याला ‘सीसीए मारलेला माल’ म्हणतो. सीसीए म्हणजे वाळवी आणि बुरशीपासून लाकूड वाचवणारे, तांबे, क्रोम आणि आर्सेनिक असलेले औषध. त्याच व्यापाऱ्याने सीसीएच्या लगद्याचा २० किलोचा एक ड्रमही त्यांना दिला आहे. अंगणात खड्डा खणून, त्यात ताडपत्री पसरून, नवे सुरूचे खांब त्या औषधात बुडवून काढावेत असा त्यांचा बेत आहे. जुन्या लाकडाच्या कापणीतून निघालेले तुकडे गेले पंधरा दिवस अंघोळीच्या पाण्याच्या बंबात जळत आहेत. हे सगळे कितपत सुरक्षित आहे, असे त्यांनी विचारले आहे.

लाकडाला दाबाखाली औषध भरणाऱ्या कारखान्यांत माझी ३२ वर्षे गेली. सीसीए मी रोज हाताळले आहे आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, तसेच भयही आहे. सर्वांत आधी बंबाबद्दल लिहितो, कारण तुमचे बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. ते तुकडे, ढलप्या आणि भुसा बंबात, चुलीत किंवा शेकोटीत घालणे आजपासून पूर्ण बंद करा.

याचे कारण एका हिशेबात मांडतो. जमिनीत किंवा सतत ओलाव्यात राहणाऱ्या लाकडात सीसीएचे प्रमाण साधारणपणे दर घनमीटरला ६.४ किलो किंवा त्याहून अधिक ठेवतात. सुतारी मापात सांगायचे तर एका घनफुटात सुमारे १८० ग्रॅम औषध येते आणि परदेशात रूढ असलेल्या मिश्रणाच्या हिशेबाने त्यात निव्वळ आर्सेनिक सुमारे ४० ग्रॅम असते. माणसाचा जीव जाण्यास ०.१ ते ०.२ ग्रॅम आर्सेनिक पुरते. लाकूड जळते, पण आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्यामुळे ते जळून नाहीसे होत नाही. त्याचा काही भाग धुराबरोबर वर जातो आणि उरलेला राखेत साठतो. एका घनफूट लाकडाची राख उरते जेमतेम ३०० ग्रॅम. धुराबरोबर चौथा हिस्सा गेला असे धरले, तरी त्या राखेचा दहावा भाग आर्सेनिकचा असतो. म्हणजे चहाच्या चमच्यात मावणाऱ्या दोन-तीन ग्रॅम राखेत २०० ते ३०० मिलिग्रॅम आर्सेनिक आले. कूलिंग टॉवरमध्ये वर्षानुवर्षे पाणी अंगावर घेतलेल्या तुमच्या लाकडातून निम्मे औषध धुऊन गेले असे समजले, तरीही चमचाभर राख जीवघेणी ठरते. शिवाय जळताना लाकडातल्या तुलनेने निरुपद्रवी क्रोमचा काही भाग पुन्हा विषारी रूपात जातो आणि तोही राखेतच बसतो.

आता बंबाच्या राखेचे आपल्याकडे काय होते ते आठवा. ती माडाच्या आळ्यात जाते, अळूच्या वाफ्यात जाते, भांडी घासायला मोरीजवळ वाटीत राहते, बियाण्याला चोळली जाते आणि काही घरांत अजूनही तिची राखुंडी होते. विषारी राखेला वेगळा रंग नसतो, वेगळा वास नसतो. मी शिकाऊ असताना ज्या कारखान्यात काम करत होतो, तेथील एका मजुराने घरी नेलेल्या तुकड्यांची राख गोठ्यामागे टाकली होती. त्याची दोन वासरे दोन दिवसांत गेली. आम्ही पाहायला गेलो तेव्हा राखेच्या ढिगाच्या एका कडेला जिभेने चाटून गुळगुळीत केलेला पट्टा अजून ओलसर होता. गुरांना ही राख खारट लागते आणि ती आवडीने चाटतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. त्या मजुराला ते कोणी सांगितले नव्हते आणि सांगणे हे आमचे काम होते.

धुराबद्दलही हेच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील एका कुटुंबाची हकीकत १९८४ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. घरातील आठ माणसे हिवाळा आला की आजारी पडत आणि उन्हाळ्यात सावरत. केस गळणे, अंगावर पुरळ, श्वासाच्या तक्रारी असे हे अनेक वर्षे चालले. घर गरम ठेवण्याच्या शेगडीत सीसीए भरलेल्या प्लायवूडचे तुकडे जळत होते. तुमचा बंब बहुधा उघड्यावर आहे, म्हणून धूर घरात कोंडत नसेल. परंतु बंबात लाकूड सारणारी व्यक्ती रोज त्याच्या तोंडाशी बसते, हे विसरू नका.

बंबात आणि आसपास जी राख आहे ती कोरडी झाडू नका. बंब पूर्ण गार झाल्यावर तिच्यावर हलकेच पाणी शिंपडून ती ओलसर करा, रबरी हातमोजे आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा धुळीचा मुखवटा घालून खरवडून काढा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी बांधा आणि झाकणाच्या डब्यात ठेवून डब्यावर ‘विषारी राख’ असे ठळक लिहा. ती कोठे द्यायची ते पुढे सांगतो. आळ्यात किंवा वाफ्यात आधीच टाकली असेल तर वरचा चार-सहा इंच मातीचा थर त्या राखेसकट काढून तसाच वेगळा ठेवा आणि त्या वाफ्यातली भाजी या वर्षी खाऊ नका. घासणीजवळची वाटी आजच उचला.

आता हे औषध काय आहे ते सांगतो, कारण त्याचे वागणे कळले की सावधगिरीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. सीसीए म्हणजे तांबे, क्रोम आणि आर्सेनिक या तिघांचे पाण्यात विरघळणारे मिश्रण. भारतीय प्रमाणात ते तीन भाग मोरचूद, चार भाग सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट आणि एक भाग आर्सेनिक पेंटॉक्साइड असे बनते. हे आर्सेनिक म्हणजे आपला जुना ओळखीचा सोमल नव्हे, पण त्याच्याच घराण्यातले आहे आणि तितक्याच गांभीर्याने घेण्यासारखे आहे. हे मिश्रण भारतीय संशोधनातून निघाले, याचा या क्षेत्रातील आम्हा लोकांना अभिमान आहे: डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी ते १९३३ साली शोधले. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘ॲस्क्यू’ हे नाव मिळाले आणि पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणाचे खांब, धक्क्यांचे लाकूड आणि कूलिंग टॉवर यांत ते वापरले गेले. तांबे बुरशी रोखते. आर्सेनिक वाळवी, भुंगे आणि तांब्याला न जुमानणारी बुरशी यांचा बंदोबस्त करते. क्रोमचे काम या दोघांना लाकडात बांधून ठेवण्याचे आहे.

हे बांधले जाणे हाच या विषयाचा गाभा आहे. औषध लाकडात शिरते तेव्हा त्यातील क्रोम सहा संयुजेच्या, म्हणजे अतिशय विषारी आणि पाण्याबरोबर सहज वाहणाऱ्या रूपात असते. लाकडाच्या संपर्कात ते हळूहळू तीन संयुजेच्या रूपात उतरते आणि उतरताना तांबे व आर्सेनिक यांच्यासह न विरघळणारी संयुगे बनवून तंतूंना चिकटते. या क्रियेला वेळ लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती काही दिवसांत पुरी होते, वीस-पंचवीस अंशांना एक ते दोन आठवडे लागतात आणि थंडीत त्याहून कितीतरी अधिक. तोपर्यंत लाकडावर पाऊस पडला तर पिवळसर पाणी ओघळते आणि त्या पाण्यात तिन्ही विषे असतात. क्रिया पूर्ण झाली की नाही हे पाहण्यासाठी कारखान्यात खांबाच्या आतला बारीक गाभा गिरमिटाने काढून त्यावर क्रोमोट्रोपिक आम्लाचा थेंब टाकतात. जांभळट छटा उमटली तर क्रोम अजून मोकळे आहे आणि माल फाटकाबाहेर सोडायचा नाही.

म्हणून बादलीतले सीसीए, ताज्या ओल्या खांबावरचे सीसीए आणि वीस वर्षे जुन्या वाशातले सीसीए या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली थेट विष आहे, दुसरी जवळजवळ तितकीच धोकादायक आहे. तिसरी मात्र तुम्ही तिला कापत, घासत किंवा जाळत नाही तोवर बरीच शांत असते. ‘सीसीएचे लाकूड हाताला लागले तरी विषबाधा होते’ असे म्हणणारे जसे चुकतात, तसेच ‘लाकडात गेले म्हणजे संपले’ असे म्हणणारेही चुकतात. लाकडात बसलेले आर्सेनिक पावसाबरोबर थोडे थोडे सुटतच राहते आणि खांबाच्या बुंध्याशी, काही इंचांच्या परिघात, मातीत साचते. हात लावून तोच हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांचा विचार करून अमेरिकेत घरगुती वापरासाठी सीसीएचे लाकूड तयार करणे ३१ डिसेंबर २००३ नंतर थांबवण्यात आले. युरोपीय संघाने २००४ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये असेच निर्बंध घातले. औद्योगिक खांब, समुद्रातील बांधकाम अशा कामांसाठी त्याचा वापर अनेक ठिकाणी चालू राहिला.

तुमच्याकडे आलेल्या लाकडाकडे वळू. हिरवट रंग तांब्याचा आहे, त्यामुळे व्यापारी खरे बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. पण नुसत्या रंगावरून आर्सेनिक ठरत नाही, कारण तांब्याची आर्सेनिकविरहित औषधेही हिरवीच दिसतात. उलट, उन्हापावसात राखाडी पडलेला जुना वासा वरून साध्या लाकडासारखा दिसतो आणि त्याचा आडवा छेद घेतल्यावरच कडेचे हिरवट वलय नजरेस येते. खात्री हवी असेल तर धातूंचे मिश्रण तपासणाऱ्या प्रयोगशाळांकडे हातात धरायचे क्ष-किरण यंत्र असते. ते लाकडावर टेकवले की आर्सेनिक आहे की नाही हे मिनिटभरात कळते. कूलिंग टॉवरच्या लाकडाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अनेक जुन्या टॉवरांच्या पाण्यात गंज रोखण्यासाठी क्रोमेट मिसळत असत. त्यामुळे लाकडाच्या पृष्ठभागावर जे पांढरट-पिवळट खरपुडे दिसतात ते केवळ क्षार आहेत असे समजून तारेच्या घासणीने कोरडे घासू नका.

हे लाकूड घराच्या आत वापरू नका, हे माझे स्पष्ट मत आहे. पलंग, टेबल, दारे, स्वयंपाकघरातील फळ्या, झोपाळा, मुलांच्या खेळण्याची घसरगुंडी यांपैकी कशातही ते नको. गव्हाण, पाण्याचे कुंड, कोंबड्यांचे खुराडे, मधमाश्यांची पेटी आणि भाजीच्या वाफ्यांच्या कडा यांतही नको. ते चांगले चालेल अशा जागाही आहेत: आवाराच्या कुंपणाचे खांब, उताराची माती अडवणाऱ्या आडव्या फळ्या (विहिरीपासून दूर), वाहनांच्या शेडचे वासे, म्हणजे जेथे माणसाची कातडी, अन्न आणि पाणी यांच्याशी त्याचा रोजचा संबंध येत नाही. तुमच्या पर्यटकांच्या ओसरीचे कठडे त्यातून करण्याचा मोह होईल, कारण लाकूड दणकट आहे. कठड्यावर माणसे हात ठेवतात, मुले हनुवटी टेकतात, म्हणून तेथेही साधे सागवान किंवा फणस वापरा.

जेथे वापराल तेथे कापणी शक्य तितकी कमी होईल अशी आखणी करा, कारण सुताराला होणारा सगळा धोका त्या बारीक भुशातून येतो. तुमचा सुतार रांधा मारत असेल तर तो थांबवा. हे लाकूड गुळगुळीत करण्याच्या कामाचे नाही. करवत उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, खाली जाड ताडपत्री पसरून चालवावी. नाकातोंडावर रुमाल बांधणे पुरेसे नाही. एन-९५ किंवा त्याहून चांगला मुखवटा, डोळ्यांवर बंद चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. भुसा हवेच्या झोताने उडवून साफ करू नये. तो ओला करून गोळा करावा आणि कोंबड्यांखाली, गोठ्यात किंवा खतात जाता कामा नये. सुताराने कामाचे कपडे तेथेच बदलावेत. ते घरच्या कपड्यांत, विशेषतः तान्ह्या मुलाच्या दुपट्यांत, धुतले जाऊ नयेत.

आणि तंबाखू. सुरक्षेच्या पुस्तकांत ‘काम करताना खाऊ-पिऊ नये’ एवढेच लिहिलेले असते, पण आपल्याकडे माणूस तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने दोन मिनिटे मळतो आणि मग ती चिमूट ओठाखाली ठेवतो. हाताला लागलेले विष तोंडात पोहोचवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. मी ज्या ज्या ठिकाणी जबाबदारी घेतली तेथे पहिला नियम हाच केला की साबणाने हात कोपरापर्यंत धुऊन झाल्याशिवाय पुडी उघडायची नाही. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ज्या माणसांच्या लघवीच्या तपासणीत आर्सेनिक वाढलेले सापडे, त्यांतले बहुतेक मळणारे असत.

परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना एक गोष्ट येथेच सांगतो, कारण अमेरिकेत २००४ पूर्वीचे घर घेतलेल्यांच्या मागच्या अंगणातील लाकडी डेक बहुधा याच लाकडाचा असतो. तो घासू नका, जोरदार पाण्याच्या झोताने धुऊ नका आणि लाकूड उजळवणारी किंवा ब्लीचची रसायने त्यावर ओतू नका, कारण त्यांनी बसलेले विष सुटते. दर एक-दोन वर्षांनी आत मुरणारा तेलयुक्त लेप देणे हा त्यावर चांगला उपाय आहे.

आता त्या ड्रमबद्दल. तुमचा खड्ड्याचा बेत मनातून काढून टाका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्यात धोका आहेच, पण त्याआधी हे सांगतो की त्याने तुमचे काम होणार नाही. सीसीए बुडवून किंवा ब्रशने लावायचे औषध नाही. कारखान्यात लाकूड बंद लोखंडी नळकांड्यात घालून आधी निर्वात करतात, मग द्रावण भरून दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा ते चौदा किलो दाब कित्येक तास देतात आणि शेवटी पुन्हा निर्वात करून वरचे ठिबकणारे द्रावण खेचून घेतात. खड्ड्यात बुडवलेल्या खांबात औषध वरच्या काही मिलिमीटरांत अडकून तेथेच बसते आणि खांब पुढे तडकला की वाळवीला आतली वाट मोकळी. द्रावण गरम करून आत शिरवावे असे कोणी सुचवेल, तर तेही ऐकू नका. गरम केल्यावर सीसीए साकळते आणि तळाशी विषारी गाळ बसतो. याशिवाय ओल्या सुरूच्या सालीतले व रसातले पदार्थ द्रावणात उतरून तोच गाळ वाढवतात.

या गाळाचे आणि उरलेल्या द्रावणाचे तुम्ही काय करणार? तुमच्याकडे जांभ्याची जमीन आहे आणि तिच्यातून पाणी झपाट्याने खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते. त्यात एक ग्रॅम, होय, एकच ग्रॅम आर्सेनिक पोहोचले तर ते पाणी मर्यादेच्या साडेतीन पट दूषित होते. तुमच्या ड्रममध्ये आर्सेनिक किलोच्या हिशेबात आहे. ताडपत्रीला खांबाच्या टोकाने एक भोक पडायला किती वेळ लागतो हे तुम्हीच ठरवा.

ड्रम उघडला नसेल तर उघडू नका. उघडला असेल तर झाकण घट्ट बसवा. तो सावलीत, सिमेंटच्या जमिनीवर, एका मोठ्या प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवा, म्हणजे गळाला तरी तेथेच राहील, आणि खोलीला कुलूप लावा. डायक्रोमेट ज्वलनाला मदत करणारे असल्यामुळे शेजारी डिझेल, गवत, कागद किंवा भुसा नको. सांडलेला लगदा भुशाने टिपण्याची सुतारांना सवय असते, ती येथे घातक आहे: औषधाने भिजलेला भुसा वाळल्यावर पेट घेऊन आतल्या आत धुमसत राहू शकतो. सीसीएचे खांबही वणव्यात एकदा पेटले की ज्वाळा विझल्यावर तासन्‌तास धुमसून मुळापर्यंत राख होतात. सांडल्यास कोरडी वाळू टाकून, हातमोजे घालून, ती वाळू डब्यात भरावी. पाण्याने धुऊन गटारात सोडू नये. जस्ताच्या मुलाम्याची बादली किंवा ॲल्युमिनियमचे भांडे या औषधाजवळ आणू नये, कारण आर्सेनिकची आम्लधर्मी द्रावणे अशा धातूंच्या संपर्कात आली तर आर्सीन हा अतिविषारी वायू निर्माण होण्याची शक्यता असते. कारखान्यांत सांडपाण्यावर हिराकस आणि चुन्याची प्रक्रिया करतात, हे कोठेतरी वाचून घरी करू जाऊ नका. उरलेला गाळ तरीही विषारीच असतो.

रिकाम्या ड्रमचा उल्लेख मुद्दाम वेगळा करतो. आपल्या गावांत एकही चांगला ड्रम वाया जात नाही. तो धुऊन, उन्हात वाळवून पाण्यासाठी किंवा धान्यासाठी ठेवला जातो. सीसीएचा ड्रम कितीही वेळा धुतला तरी त्या कामाचा होत नाही. त्याला तळाशी भोके पाडून तो निकामी केल्याशिवाय आवाराबाहेर जाऊ देऊ नका.

हा ड्रम, राख, भुसा आणि कापणीचे तुकडे यांचे काय करायचे, तर प्रथम व्यापाऱ्याला ड्रम परत घ्यायला सांगा. त्याने नकार दिला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवून मार्गदर्शन मागा. घातक कचऱ्यासंबंधीचे २०१६ चे नियम आहेत आणि अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत सामायिक सुविधा तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. कोकणातून तळोजा जवळ पडेल. वाहतूकही अधिकृत वाहनातूनच व्हावी लागते, त्यामुळे खर्च येईल, आणि तो तुम्ही स्वस्तात घेतलेल्या लाकडाच्या किमतीत मिळवावा लागेल. काही जण सांगतील की परड्यात खोल पुरून टाका. तसे करू नका, कारण पुरलेली वस्तू कोठे आहे हे दहा वर्षांनी तेथे भाजी लावणाऱ्याला ठाऊक नसते.

सुरूच्या खांबांचे काय, हा तुमचा खरा प्रश्न अजून उरतो. जमिनीत गाडायचे खांब हवेच असतील तर दाब-प्रक्रिया केलेले तयार विकत घ्या आणि विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: कोणते औषध, घनमीटरला किती किलो मुरवले आणि प्रक्रियेची तारीख. ओले, पिवळसर, हाताला रंग लागणारे खांब घेऊ नका. आर्सेनिक नसलेली तांब्याची औषधे आता मिळतात आणि माणसांच्या वावरातील कामासाठी मी तीच सुचवतो. मात्र ती खिळ्यांना अधिक गंजवतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे खिळे-बोल्ट घ्यावेत. छपराखालच्या लाकडाला आणि बांबूला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि बोरिक आम्ल यांचे दीडास एक या प्रमाणातले द्रावण उत्तम काम देते. ते ओल्या लाकडात बुडवून मुरते, त्यासाठी दाबयंत्र लागत नाही आणि त्याची विषारकता सीसीएच्या तुलनेत फार कमी आहे. तेही मुलांपासून दूरच ठेवावे आणि ते पावसाने धुऊन जाते, म्हणून उघड्यावर चालत नाही.

त्याहून चांगले म्हणजे लाकूड जमिनीत गाडूच नका. कोकणातल्या जुन्या घरांचे खांब तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडाच्या बैठकीवर उभे असत आणि पिकल्या गाभ्याच्या फणसाचे किंवा सागाचे असत. वाळवीला वर चढण्यासाठी त्या दगडावरून मातीची नळी बांधावी लागते आणि ती झाडताना सहज दिसते. सागाच्या गाभ्यात तर औषध शिरतच नाही आणि त्याला ते लागतही नाही. औषध हवे असते ते सालीलगतच्या पांढऱ्या भागाला, म्हणून तो भाग काढून टाकलेले लाकूड मागा. माझे सारे आयुष्य औषध भरण्यात गेले असले, तरी तुमच्या चार खोल्यांसाठी मी दगड आणि चांगला गाभा हीच निवड केली असती.

शेवटी घरातल्या माणसांच्या प्रकृतीबद्दल. पंधरा दिवस बंबाजवळ बसणारी व्यक्ती, राख हाताळणारी व्यक्ती, सुतार आणि लहान मुले यांना डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना ‘आर्सेनिक आणि क्रोम असलेले लाकूड जळत होते’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. हे न सांगितल्यास उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब अन्नातून झालेली विषबाधा म्हणून पाहिले जातात आणि हातापायांच्या मुंग्या अशक्तपणा म्हणून सोडून दिल्या जातात. बोटांच्या सांध्यांवर न भरणारे, गोल, खोलगट व्रण किंवा नाकातून वारंवार रक्त येणे ही क्रोमची लक्षणे आहेत. तळहात-तळपायांची कातडी जाड व खडबडीत होणे आणि अंगावर काळे-पांढरे ठिपके उमटणे ही दीर्घकाळच्या आर्सेनिकची लक्षणे असून ती वर्षांनी दिसतात, त्यामुळे आज ती नाहीत यावरून निश्चिंत होऊ नये. तीव्र विषबाधेवर इस्पितळात देता येणारी औषधे आहेत, पण त्यांचा उपयोग लवकर पोहोचण्यावर असतो. राख किंवा लगदा तोंडात गेला असेल तर घरी उलटी करवण्याच्या खटपटीत वेळ न घालवता, शक्य असल्यास ड्रमवरच्या लेबलाचे छायाचित्र घेऊन, थेट मोठे रुग्णालय गाठा. डोळ्यांत द्रावण उडाले तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे डोळे धुवा आणि मग निघा.

सध्या कोणाला त्रास नसेल तरी लघवीतील आर्सेनिकची तपासणी करून घ्या. ती लवकर करावी, कारण शरीरातून बहुतेक आर्सेनिक काही दिवसांतच बाहेर पडते आणि उशिरा केलेली तपासणी खोटा दिलासा देते. येथे एक अडचण तुमच्या किनाऱ्यावर हमखास येईल: समुद्री मासे, कोळंबी आणि खेकडे यांत निरुपद्रवी स्वरूपाचे आर्सेनिक नैसर्गिकरीत्या असते आणि ते खाल्ल्यावर तपासणीचा आकडा उगाच वाढलेला दिसतो. म्हणून नमुना देण्यापूर्वी तीन-चार दिवस मासळी बंद ठेवा. प्रयोगशाळेत ‘असेंद्रिय आर्सेनिक’ वेगळे मोजून मिळत असेल तर तसे मागा. मग माशांमुळे होणारा घोटाळा बराचसा टळतो. विहीर बंबापासून किंवा राख टाकलेल्या जागेपासून जवळ असेल तर तिच्या पाण्याचा नमुनाही त्याच वेळी द्या आणि पावसाळा संपल्यावर आणखी एकदा द्या.